"मराठी माणसाला धंदा जमत नाही" या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

ग्रुप कुठलाही असो, तो मेसेज फिरून फिरून येतोच. "मराठी माणूस धंद्यात मागे का?" आणि खाली पाच कारणं: धंदा आपल्या रक्तात नाही, आपण खेकडे आहोत एकमेकांचे पाय ओढतो, भांडवल नाही, नवीन आयडिया नाही, आणि नोकरीवर लाथ मारायची छाती नाही. सगळ्यात शेवटी पैसे भरून करायच्या सेमिनारचा नंबर. लोक खाली "अगदी खरं" लिहितात आणि वीस-बावीस वर्षांची पोरं ते वाचत असतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे. म्हणून एकेक घेतो.

पहिलं रक्ताचं. सांगली जिल्ह्यातला विटा, खानापूर, आटपाडी हा पट्टा घ्या, वर्षानुवर्षं दुष्काळी. आता केरळात जा, तामिळनाडूत जा, पंजाबात जा, तिथल्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळणारं दुकान शोधा, आत मराठी बोलणारा माणूस भेटायची शक्यता खूप आणि गाव विचारलं तर बहुतेक याच भागातलं. हे आपले गलाई व्यावसायिक. जुने मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानात झाडलेली माती सुद्धा, सगळं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, सोन्यात चांदी मिसळायची आणि मग नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं, चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं खाली उरतं. यांचे आजे-पणजे काही सराफ नव्हते हो, कोरडवाहू शेती करणारी माणसं. पाऊस नाही म्हणून पोरगं चुलत्याच्या नाहीतर गाववाल्याच्या दुकानात पाठवलं, तिथं त्यानं आधी झाडलोट केली, भट्टी सांभाळली, मग कस बघायला शिकला, हिशेब शिकला, तिथली भाषा शिकला, आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःची भट्टी टाकली. अनोळखी गावातले लोक आपलं सोनं विश्वासानं त्याच्या हातात देतात, यापेक्षा मोठी धंद्याची परीक्षा कुठली असते सांगा!

धंदा असाच सुरू होतो. कुणाच्या तरी हाताखाली राहून माल कुठून येतो, किती सुटतात, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे कळतं, मग माणूस स्वतःचं टाकतो. मारवाडी पोरगं गादीवर बसून हेच शिकतं, उडुपी हॉटेलातला पोऱ्या हेच शिकतो. मुंबईच्या घाऊक बाजारांमध्ये आपली माणसं कमी आहेत हे मी नाकारत नाही, पण त्याचं कारण त्या बाजारात शिकवणारा आपला चुलता नव्हता एवढंच आहे. जिथं होता तिथं काय झालं ते वर लिहिलंय.

खेकड्यांचं उत्तरही त्यातच आलं. पाय ओढणारी माणसं असती तर एका दुकानातून पुढं गावोगावी दुकानं निघाली नसती. आणि नगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 ला तो सुरू झाला, त्याचे भागधारक आसपासच्या गावांतले साधे शेतकरीच होते. सहकारात पुढे काय काय बिघडलं तो वेगळा विषय, पण ज्या लोकांनी शेअरचे पैसे गोळा करून कारखाना काढला त्यांना खेकडे म्हणणं मला सहन होत नाही.

आता भांडवल. यावर जरा थांबूया कारण यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं नीट कुणी सांगत नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकटे राहायचे आणि त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. गिऱ्हाईक पक्कं, रांधायचं काम येतं, माल रोज खपतो. मग अडचण काय? कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, आणि धान्य-तेल तर आज पाहिजे. म्हणून वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, अंगावरचे दागिने गहाण. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा तो फास सुटायला लागला. म्हणजे त्या बायका आधीपासून धंदाच करत होत्या, फक्त त्यांना कुणी उद्योजक म्हणत नव्हतं. त्यांना लागत होतं ते खेळतं भांडवल, महिनाभर तग धरण्यापुरतं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं लायसन्स नाकारलं, मग त्या बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि 1997 ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. भांडवल नाही म्हणून या गप्प बसल्या नाहीत.

आजही छोटा धंदा बुडतो तो बऱ्याचदा माल खपत नाही म्हणून नाही, तर विकलेल्या मालाचे पैसे येत नाहीत म्हणून. हे लक्षात ठेवा: उद्यम नोंदणी (म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असा 2006 चा कायदा आहे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. हे त्या मेसेजमध्ये असतं तर मीच तो सगळीकडे पाठवला असता.

आयडियाचं थोडक्यात. दांडेकरांनी 1931 ला गिरगावात शाई बनवायला घेतली, त्यातून कॅमलिन झालं. शाई काय तेव्हा नवीन होती? परदेशी शाई बाजारात होतीच, ह्यांनी इथं बनवली आणि टिकून राहिले.

आणि नोकरीवर लाथ मारायचा मुद्दा, हा मला सगळ्यात घातक वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते आणि तेव्हाच बेळगावला भावाकडे, रामुअण्णांकडे, सायकली पाठवत होते, दुकान रामुअण्णा बघायचे. पुढे नोकरी सोडली, बेळगावात कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि ते नांगर खपेनात कारण लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. औंधच्या राजांनी जागा दिल्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 ला, म्हणजे पहिल्या सायकलीपासून मोजलं तर वीसेक वर्षं गेली. निरमाचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीत केमिस्ट होते, 1969 ला घरीच पावडर बनवून सायकलवरून विकायला लागले, नोकरी चालू ठेवून. पगार चालू असताना पहिली दहा गिऱ्हाइकं मिळवा, ती परत येतात का बघा, मग ठरवा. वडिलांची जमीन गहाण टाकून उडी मारू नका रे, चुकली तर अख्खं घर खाली येतं.

राहिला तो सेमिनारचा नंबर. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. शिकायचंच असेल तर बँका चालवतात त्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि ग्रामीण भागातल्या मुलामुलींना तिथं राहून-खाऊन फुकट शिकवतात. आपल्या जिल्ह्यातली कुठं आहे ते लीड बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेच्या, ऑफिसात विचारा.