क्यूआर आहे ना, मग झेरॉक्स कशाला?

प्रत्येक प्रवेशाच्या वेळी तोच जाच! दाखल्यावर क्यूआर कोड असूनही खिडकीतून आवाज येतोच, "साक्षांकित झेरॉक्स आणा."

२०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून फेरफार करता येत नाही अशा डिजिटल नोंदवहीत, नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. कशासाठी? दाखला खरा की बनावट, हे कोड स्कॅन करून कुणालाही कळावं म्हणून. अहो, मग स्कॅन करा की! आणि स्वयंसाक्षांकित, म्हणजे आपणच सही केलेल्या, प्रती चालतील, असं सरकारनं २०१५ मध्येच सांगितलंय. तरी सही-शिक्क्यासाठी पोराबाळांच्या आईबापांनी मजुरी बुडवून का फिरायचं? पडताळणी करणं कार्यालयाचं काम आहे. ते दाखला आणणाऱ्याच्या गळ्यात का मारता?