ॲरिस्टॉटलने विश्व 'सुरू करणारा' शोधलाच नव्हता

सध्या फिरणारा दावा साधारण असा: ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणाला, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कारणांची साखळी मागे अनंत जाऊ शकत नाही, म्हणून एका पहिल्या कारणाने धक्का दिला आणि विश्व सुरू झालं. त्यावर ठरलेलं उत्तर: मग त्या पहिल्या कारणाचं कारण काय? ज्याच्या नावाने हे भांडण चालतं, त्याने यातलं जवळजवळ काहीच म्हटलेलं नाही.

'विश्व सुरू झालं.' त्याच्या मते ते कधी सुरू झालंच नाही. 'फिजिक्स' या त्याच्या ग्रंथाच्या आठव्या भागात तो आधी हेच मांडतो. 'आत्ता' हा क्षण म्हणजे भूतकाळाचा शेवट आणि भविष्याची सुरुवात. मग ज्याच्या आधी काहीच नाही असा क्षण कुठून आणणार? काळ अनादि, आणि काळ हे गतीचं माप, म्हणून गतीही अनादि. शून्यातून सृष्टी त्याचा गुरू प्लेटोकडेही नाही. प्लेटोच्या 'टिमिअस' या संवादातला विश्व घडवणारा कारागीर आधीच असलेल्या अस्ताव्यस्ताला शिस्त लावतो.

'प्रत्येक गोष्टीला कारण असतं.' मूळ विधान याहून नेमकं आहे: जे हलवलं जातं, ते कशाने तरी हलवलं जातं. त्याचं पहिलं कारण म्हणजे अचल चालक, जो स्वतः न हलता इतरांना हलवतो. तो हलवला जातच नाही, तेव्हा 'त्याला कुणी हलवलं?' हा टोला हवेत जातो.

'साखळी मागे जाऊ शकत नाही.' कोणती साखळी? त्याचंच उदाहरण घ्या: दगडाला काठी हलवते, काठीला हात, हाताला माणूस. सगळं एकाच वेळी. माणूस थांबला की दगड थांबला. ही साखळी कुठेतरी टेकायला हवी. बाप, आजोबा, पणजोबा ही साखळी वेगळी. ती अनादि काळापासून चालत आली असली, तरी त्याला चालतं.

'धक्का दिला.' उलट, 'मेटाफिजिक्स' या ग्रंथाच्या बाराव्या भागात तो म्हणतो की प्रिय वस्तू जशी स्वतः जागची न हलता ओढ लावते, तसा अचल चालक गती देतो.

'एकच कारण.' इथे तर गंमतच आहे. ग्रीक खगोलज्ञ युडोक्ससने ग्रह, सूर्य, चंद्र यांच्या गतीसाठी एकात एक बसवलेले 26 गोल मांडले होते. त्याच्यानंतरच्या कॅलिपस या खगोलज्ञाने त्यात 7 वाढवून 33 केले. ॲरिस्टॉटलला हे सगळं एकाच यंत्रात जोडायचं होतं, म्हणून वरच्या ग्रहाची गती खालच्यापर्यंत पोचू नये यासाठी उलटे फिरणारे 22 गोल त्याने घातले: शनी आणि गुरूसाठी 3-3; मंगळ, शुक्र, बुध, सूर्य यांच्यासाठी 4-4; चंद्राखाली कुणीच नाही, त्यामुळे त्याला शून्य. एकूण 55, आणि तितकेच अचल चालक. सूर्य-चंद्राचे वाढीव गोल काढले तर 47 उरतात, असंही तो लिहितो. प्रत्यक्ष वजाबाकी केली तर 49 येतात. हा घोळ प्राचीन टीकाकारांनीही पकडला होता. पुढे तो एकाच अधिपतीची बाजू घेतो, पण 55 आणि एक यांचा मेळ कसा घालायचा हे नीट सांगत नाही.

काळात सुरुवात मागणारा युक्तिवाद नंतरचा आहे. सहाव्या शतकात फिलोपोनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तो ॲरिस्टॉटलच्या विरोधातच लढवला, आणि इस्लामी विचारवंत अल-गझालीने (मृत्यू 1111) तो नेमका केला: जे अस्तित्वात येतं, त्याला कारण असतं. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तर विश्वाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं स्पष्ट लिहिलं.

ॲरिस्टॉटलला खोडायचंच असेल, तर जागा वेगळी आहे. 1687 साली न्यूटनने मांडलेल्या पहिल्या नियमानुसार सरळ रेषेत एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूला चालक लागतच नाही. 'हलवणारा हवाच' हे गृहीतक तिथे अडकतं.