चाल कुठली ते सोडा, गातंय कोण?

गणपती आले की आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद, देवाच्या गाण्याला सिनेमाची चाल लावावी की नाही. यंदा एका काकांनी लिहिलं, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर गुत्त्यातली गाणी चर्चमध्ये आणली, मग आपल्याला काय हरकत? मी जर्मनीत लाइपझिगला राहतो म्हणून लगेच मला विचारलं.

काका, गुत्त्याचं खरं नाही. कोरालमध्ये, म्हणजे ल्यूथरच्या पंथातल्या चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायच्या गाण्यात, बऱ्याचदा पहिली चाल दोनदा येते आणि मग वेगळी, त्या साच्याला जर्मनमध्ये 'बार' म्हणतात, त्यावरूनच हा घोळ झाला असं जाणकार सांगतात. पण लोकांच्या चाली घेतल्या हे खरंय, जुन्या लॅटिन स्तोत्रांच्याही घेतल्या. ल्यूथरचं 'फोम हिमेल होख' हे ख्रिसमसचं गाणं १५३५ मध्ये कोडं घालायच्या लोकगीताच्या चालीवर छापलं आणि १५३९ मध्ये त्यालाच नवी चाल दिली, म्हणजे कुठली चाल शोभते हा विचार तेव्हाही होताच ना. उलट हास्लर या जर्मन संगीतकाराच्या १६०१ च्या प्रेमगीताची चाल पुढे येशूच्या वेदनांच्या गाण्याला लागली, पुढे संगीतकार बाखने ती पुन्हा पुन्हा वापरली आणि आज गुड फ्रायडेला ती ऐकताना कुणाला प्रेमगीत आठवतही नाही.

पण मला विचाराल तर मुद्दा चालीचा नाहीच. आधी चर्चमध्ये मुख्यतः पाद्री आणि गायकवृंद लॅटिनमध्ये गायचे. १५२४ मध्ये आठ गाण्यांची छोटी पुस्तिका निघाली, त्यातली चार ल्यूथरची, साध्या जर्मनमध्ये, म्हणजे बाकावरच्या माणसानेही गावं. १५८६ मध्ये ओसियांडर या पाद्री-संगीतकाराने मुख्य चाल गायकवृंदाच्या मधल्या आवाजातून काढून सगळ्यात वरच्या आवाजात नेली, का तर सगळ्यांना ती ऐकू यावी आणि सोबत गाता यावं. माझ्यासाठी कोराल म्हणजे हेच!

इथे चर्चमध्ये भिंतीवर लाकडी पाटी असते, तिच्यावर नुसते आकडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काही कळेना, शेजारच्या आजींनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन ३६२ नंबर काढून दिला आणि ओळीवर बोट ठेवलं. ऑर्गन सुरू झाला, आजींचा आवाज थरथरत होता, प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळे थांबून श्वास घ्यायचे आणि मग पुढची ओळ.

आपल्याकडे मागच्या वर्षी आलो तेव्हा आरती स्पीकरवर लागली होती, चाल अगदी पारंपरिक, आणि आम्ही सगळे नुसत्या टाळ्या वाजवत उभे. माझ्या आईला सगळी कडवी पाठ आहेत, तिचे ओठ हलत होते पण शेजारी उभं राहूनही मला ऐकू येत नव्हतं. त्या चालीवर वाद घालायला माझी ना नाही, पण आधी तो स्पीकर बंद करूया का?