प्रिंटरची मर्जी कशी राखावी

कालपर्यंत मुकाट छापणारा प्रिंटर आज सकाळी एकाएकी म्हणतो, "हे कार्ट्रिज ओळखता येत नाही." कार्ट्रिज तेच, खाच तीच, शाई अर्धीअधिक शिल्लक. रात्रीत एकच गोष्ट घडलेली असते. प्रिंटरने कुणालाही न विचारता आपलं फर्मवेअर, म्हणजे पोटातला प्रोग्राम, अपडेट करून घेतलेलं असतं. अशा वेळी माणसं प्रिंटरवर ओरडतात, झाकण आपटतात, कार्ट्रिज काढून फुंकर मारून परत बसवतात. बघवत नाही. चूक त्याची नसतेच हो! त्याची मर्जी राखायला आपण शिकलेलो नसतो, एवढंच. म्हणून या काही सूचना. तातडीने एक पान छापून हवं असेल तर मात्र त्या वाचू नका, शेजाऱ्यांकडे जा.

पहिली सूचना खरेदीची. दुकानातला सगळ्यात स्वस्त प्रिंटर उचला. कार्ट्रिजच्या पूर्ण संचाची किंमत विचारू नका, उगाच मूड जातो. खोक्यात जी कार्ट्रिजं मिळतात ती बहुधा 'सेटअप'ची, म्हणजे मुळात कमी भरलेली असतात, आणि हेड, म्हणजे शाईचे थेंब उडवणारा भाग, कार्ट्रिजला नसून प्रिंटरमध्येच असेल तर त्यातलीही बरीच शाई पहिल्याच दिवशी नळ्या आणि हेड भरण्यात जाते. पण खोक्यावर पानांचा आकडा केवढा मोठा असतो! तो वाचून समाधान माना. पानाचा जेमतेम पाच टक्के भाग शाईखाली येईल असं धरून तो काढलेला असतो, तोही सलग पानं छापून. घरात चार दिवसांतून एखादं पान निघतं आणि मधल्या काळात प्रिंटर शाईनेच तोंड धुतो. ते पाणी, म्हणजे शाई, त्या आकड्यात धरत नाहीत.

काम झालं की थेट भिंतीवरचं बटण बंद करा, वीज वाचते. प्रिंटरच्या अंगावरचं बटण दाबलं तर काय होईल? हेड सरकत कडेला जाईल, तिथल्या रबरी टोपीवर नीट टेकेल आणि नोझल, म्हणजे शाईची छिद्रं, वाळणार नाहीत. हे टाळायलाच हवं. वीज एकदम तोडली की हेड असेल तिथे उघडं राहतं, केसाहून बारीक छिद्रांवर शाई सुकते आणि पुढच्या वेळी चालू करताच प्रिंटर हेड धुवायला बसतो. आणि दर आठवड्याला एखादं रंगीत पान छापायची तर अजिबात सवय लावून घेऊ नका, त्याने शाई वाहती राहते.

छपाईत पांढऱ्या रेघा यायला लागल्या की 'हेड क्लीनिंग' सलग सहा वेळा करा. आधी नोझल चेकचं पान काढून कोणत्या रंगाच्या रेघा तुटतात ते पाहायचं, एक-दोनदाच क्लीनिंग करायचं, मग रात्रभर थांबायचं म्हणजे सुकलेली शाई सैल होते आणि आत शिरलेले हवेचे बुडबुडे बसतात, हा झाला कंजूष लोकांचा मार्ग. काही प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं. ते असं असेल तर कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडावर त्याचा तळ मिनिटभर टेकवला, तांब्याच्या पट्ट्या ओल्या होऊ दिल्या नाहीत, की बरेचदा काम भागतं. पण मग नवं कार्ट्रिज कोण घेणार?

राउटर बदललात की अर्धा दिवस प्रिंटर शोधण्यासाठी राखून ठेवा; बऱ्याच स्वस्त प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ऐकू येतं.

काळ्या अक्षरांतलं पत्र छापायचंय आणि निळी शाई संपली म्हणून प्रिंटर अडून बसलाय? वाद घालू नका. काळा रंग अधिक गडद दिसावा म्हणून त्यात बाकीचे तिन्ही मिसळायचे, हे अनेक ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे संगणकातले प्रोग्राम, स्वतःच ठरवतात. नुसतं 'ग्रेस्केल' निवडूनही ते ऐकतीलच असं नाही. सेटिंगमध्ये खोलवर कुठेतरी 'फक्त काळी शाई' असं असेल तर ते निवडावं लागतं आणि सगळ्या मॉडेलमध्ये ते असतंही नाही. रिकाम्या कार्ट्रिजवर हेड चालवलं तर ते तापून खराब होतं, हे कंपनीचं म्हणणं खोटं नाही. उष्णतेने थेंब उडवणाऱ्या हेडला शाईच थंड ठेवते. पण मग निळीच्या नोझलमधून थेंब उडवू नका की! काळीने काय पाप केलंय? आणि स्कॅनरने? स्कॅनरला काच, दिवा आणि सेन्सर लागतो, शाई लागत नाही. तरीही शाई संपली म्हणून कागद स्कॅन करायलाही नकार देणारी यंत्रं विकली गेली आहेत.

वर्गणी घ्या. ही फार सोयीची गोष्ट आहे. महिन्याला ठरावीक पानांचे पैसे द्यायचे, शाई घरपोच येते. पानावर एकच ओळ असली तरी ते एक पान धरतात आणि वर्गणी थांबवली की प्रिंटरमध्ये बसलेलं, भरलेलं कार्ट्रिज त्या महिन्याच्या हिशेबाबरोबर बंद पडतं. शाई तिथेच आहे, दिसतेय, हलवली तर डुचमळतेय. छापत नाही. काही मॉडेलना तर पहिल्याच दिवशी जादा वॉरंटी आणि थोड्या महिन्यांची फुकट शाई देऊ करतात. त्या बदल्यात प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला ठेवायचा आणि जन्मभर त्यांचीच शाई वापरायची. एकदा 'मान्य आहे' दाबलं की परतीची वाट नाही.

आता अपडेट. ऑटो अपडेट चालूच ठेवा, त्यात 'सुरक्षा' असते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरनी जगभर एकदम दुसऱ्यांची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर कंपनीने नीट सांगायला हवं होतं म्हणून दिलगिरी व्यक्त केली, ज्यांना हवं त्यांना ती अट काढलेलं फर्मवेअर दिलं. आणि मग ती अट सोडून दिली? छे. नाव 'डायनॅमिक सिक्युरिटी', आणि ती पुढच्या मॉडेलमध्येही आहे. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी टीव्हीवर सांगितलं की कार्ट्रिजमधून व्हायरस येऊ शकतो. शाईच्या डबीतून! त्या डबीवर चिप बसवली कुणी? डबीला चिप हवीच असा हट्ट कुणाचा? छपाई वर्गणीवर न्यायची हे दूरचं उद्दिष्ट असल्याचंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं, म्हणजे निदान तेवढं तरी खरं बोलले.

आणि ही चिप करते काय? बहुतेक प्रिंटर शाई मोजत नाहीत, उडवलेले थेंब मोजतात आणि तो हिशेब चिपवर लिहून ठेवतात. आकडा शून्यावर आला की कार्ट्रिज रिकामं, मग आत शाई असो वा नसो. २०२२ च्या सुरुवातीला चिपचा तुटवडा पडला तेव्हा कॅननला काही ऑफिस प्रिंटरचे टोनर, म्हणजे शाईऐवजी पावडर भरलेल्या डब्या, चिपशिवाय विकावे लागले. प्रिंटर कंपनीचाच टोनर नकली समजून इशारे द्यायला लागले. मग कॅननने काय केलं? इशारा कसा बाजूला सारायचा याच्या सूचना ग्राहकांना दिल्या आणि चिप नसली तरी छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही, फक्त टोनर किती उरला ते कळायला अडचण येईल, असं लिहून दिलं. लिहून दिलं! इतकी वर्षं जी चिप नसेल तर छपाई बिघडेल, हेड जाईल, वॉरंटी जाईल अशी भीती घातली, ती नसली तरी चालतं हे तुटवडा पडल्यावर चार ओळींत उरकलं. बाकी कुणाला त्याची लाज वाटलेली दिसली नाही.

हेड धुतलेली शाई जाते कुठे हेही विचारू नका. तळाशी फेल्टचा पॅड असतो, त्यात ती मुरते, आणि ठरावीक मोजणी पूर्ण झाली की प्रिंटर 'भागांचं आयुष्य संपलं' म्हणून अडून बसतो. काही मॉडेलमध्ये हा पॅड 'मेंटेनन्स बॉक्स' म्हणून बाहेर काढून बदलता येतो. म्हणजे तसं बनवता येतं. सगळ्यांत बनवत नाहीत.

बास झालं. मी पैसे देऊन घेतलेलं यंत्र रात्री परस्पर बदलायचं आणि सकाळी मलाच 'अनधिकृत' म्हणायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत, दादागिरी म्हणतात. दुसऱ्याची शाई वाईट असेल तर छापून दिसेल, ठरवू द्या ना माणसाला. तुमची खरंच इतकी चांगली असेल तर कुलूप कशाला लागतं? आणि तुम्हीही, न वाचता 'मान्य आहे' दाबणारे आणि खोक्यावरच्या किमतीला भुलणारे, दर खेपेला तोच प्रिंटर उचलता म्हणून यांचं फावतं. आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अपडेट बंद करा. जमलं तर प्रिंटर यूएसबीने जोडा, वाय-फाय तोडा. महिन्याला मोजकी काळी पानं काढत असाल तर साधा काळा लेझर घ्या. टोनर ही पावडर आहे, ती वाळत नाही. रंगीत खूप लागत असेल तर बाटलीने भरायचा टाकीवाला घ्या, पण पॅड बाहेरून बदलता येतो का ते बघूनच. आणि दुकानदाराला विचारा: एक रंग संपला तर काळं छापतो का? शाई नसताना स्कॅन करतो का? दुसऱ्याचं कार्ट्रिज चालतं का, आणि अपडेटनंतरही चालेल का? उत्तराऐवजी तो ऑफर सांगायला लागला तर तसेच बाहेर पडा.