गुडघ्याला गुण नाहीत

'ब्रिटनने २००४ पासून जीपींना (म्हणजे फॅमिली डॉक्टरांना) कामगिरीनुसार पैसे दिले आणि उपचारांचा दर्जा सुधारला' हे तुम्ही छापलेल्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. ठरलेल्या तपासण्या आणि उपचार केले की दवाखान्याला गुण, आणि गुणांवर पैसे, अशी ती पद्धत. पहिल्याच वर्षी दवाखान्यांना सरासरी ९० टक्क्यांहून जास्त गुण पडले, म्हणजे पेपरच सोपा होता! दमा आणि मधुमेहाच्या उपचारांत सुधारणा आधीपासून चालूच होती. ती काही काळ जोरात झाली, मग थबकली. शिवाय नेहमीचाच डॉक्टर भेटण्याचं प्रमाण घटलं, त्याचा लेखात उल्लेखही नाही. स्कॉटलंडने तर २०१६ मध्ये ही गुणपद्धत गुंडाळली.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहतो, आई माझ्याकडेच असते. गुडघा धरला म्हणून तिला दाखवायला नेलं. दहा मिनिटांची वेळ. डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या, पण संगणकावर सूचना येत होत्या त्या निस्तरण्यात निम्मा वेळ गेला: रक्तदाब, साखर, पायाची तपासणी. 'सिगारेट ओढता का?' हेही विचारून झालं. आई म्हणाली, 'सत्तरी उलटली, आता सुरू करू का?' मला भाषांतर करायला लाजच वाटली. गुडघ्याची पाळी आली तेव्हा बाई दाराकडे बघत होत्या. दोष त्यांचा नाही, गुडघेदुखीला गुणच नाहीत. २०१४ मध्ये तर स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक नव्या निदानामागे डॉक्टरांना ५५ पौंड देऊ केले होते. काही महिन्यांतच ती योजना बंद झाली, पण लेखकाने निदान तिचा विचार तरी करायचा होता.