एकाच हवेचे दोन आकडे: खुलासा

‘मुंबईच्या हवेचा गुणवत्ता निर्देशांक परदेशी ॲपवर १५४ आणि सरकारी संकेतस्थळावर १००, म्हणजे सरकार आकडे दाबते,’ अशा आशयाचा मजकूर दोन स्क्रीनशॉटसह फिरत आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० भरतो आणि ‘समाधानकारक’ श्रेणीत बसतो. तेच प्रमाण अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या पुढे जाऊन ‘अपायकारक’ ठरते. हवा तीच, पट्टी निराळी. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात सूक्ष्म कणांची मागील २४ तासांची सरासरी धरली जाते, त्यामुळे पहाटेच्या धुरक्याने चढलेला आकडा त्यात लगेच उमटत नाही. अनेक ॲप मात्र ताज्या तासाकडेच पाहतात. दमेकऱ्याने सकाळी फिरायला निघताना हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

आक्षेप घ्यायचाच, तर तो पट्टीवर घेता येईल, आणि तो रास्तही आहे: सूक्ष्म कणांसाठी ६० ही २४ तासांची भारतीय मर्यादा २००९ च्या अधिसूचनेतील आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ची शिफारस केली.