घरपट्टी वाढू द्या, शाळा गळायला नको

घरपट्टी वाढवायचा विषय निघाला की दरवेळी तेच. "आधी उधळपट्टी थांबवा, मग पैसे मागा!" अहो, हिशेब जरूर मागा, मीही मागतो. पण तोवर वर्गाचं छप्पर गळायचं थांबणार आहे का? बाकं भिंतीकडे सरकवायची, मधे बादली ठेवायची आणि त्या टपटपीत पाढे म्हणायचे, हे मुलांनी किती दिवस सोसायचं?

महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर 10 वर्षं न वाढवलेल्या कराची खरी किंमत जेमतेम 61 टक्के उरते. पगार आणि वीजबिल तर द्यावंच लागतं. मग कात्री लागते ती दुरुस्तीला, ग्रंथालयाला, सफाईला. आज न बुजवलेली भेग उद्या अख्खी भिंत पाडायला लावते, आणि तेव्हा खर्च कितीतरी पट!

"आमची मुलं शिकून गेली, आम्ही का भरायचं?" याचा तर संतापच येतो. तुमची मुलं शिकत होती तेव्हा कोण भरत होतं? शेजारीच ना?

ज्यांची मिळकत तुटपुंजी, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सवलत द्या, माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाकीच्यांनी भरावं. मी वाढीच्याच बाजूने आहे आणि तोंडावर सांगतो.